सितारामची गाठ

पावण्याच्या एमआयडीसीत सितारामचा गाळा शोधायला पत्ता विचारावा लागत नसे. ज्या गाळ्यातून गिऱ्हाईक तोंड पाडून बाहेर पडताना दिसेल, तो सितारामचा. गाडीच्या वायरिंगचं आणि एसीचं त्याच्यासारखं काम त्या पट्ट्यात कोणी करत नव्हतं, हे खरं. पण तिथून स्वतःबद्दल चांगलं मत घेऊन परत गेलेला माणूसही कोणी पाहिला नव्हता. "एसी गार करत नाही, गॅस संपला वाटतं," असं एखादा बिचारा बोलून जायचा. मग सिताराम हातातलं काम थांबवून त्याच्याकडे नुसता बघायचा.

"गॅस संपला हे तुमाला कुनी सांगितलं? गाडीनं?"

गॅस भरून देणाऱ्यांना तो कारागीर म्हणतच नसे; ते त्याच्या लेखी पंपावर हवा मारणाऱ्यांचे चुलतभाऊ. मोबाईलवर व्हिडिओ बघून शहाणपण शिकवायला येणाऱ्यांना तो बसायला स्टूलही देत नसे. आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या, शर्टावर नाव शिवलेल्या पोरांचा विषय निघाला, की त्याचं नाक असं काही वर जायचं की खाली यायला संध्याकाळ व्हायची. ही पोरं गाडीला स्कॅनर लावतात. स्कॅनर सांगेल तो पार्ट बदलतात. स्कॅनर गप्प बसला की दिसेल तो पार्ट बदलतात. त्यांच्यापेक्षा उंदीर बरे, ते वायर निदान चावून बघतात, असं सिताराम म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

एवढी घमेंड बाळगायला त्याच्याकडे एक कारण मात्र होतं, आणि ते तो येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. पूर्वी त्याचा तुर्भ्याला भागीदारीत गाळा होता. भागीदाराचं नाव बाजीराव. हा बाजीराव दुरुस्तीला आलेल्या गाडीत ती परत देताना एक नवीन बिघाड ठेवून द्यायचा. वायर कापायची, मध्ये जुन्या रेडिओतला गव्हाच्या दाण्याएवढा रेझिस्टर जोडायचा आणि वरून टेप गुंडाळायची. रेझिस्टर वीज अडवतो, पण पूर्ण अडवत नाही. मीटर लावलं तर मीटर म्हणतं वीज येतेय. आणि काम करायला जेवढी वीज लागते, तेवढी पुढे जातच नाही. नळाला पाणी दिसतं पण बादली भरत नाही, तसला प्रकार. गिऱ्हाईक महिनाभरात परत बाजीरावच्याच दारात. सितारामनं हे पकडलं त्याच दिवशी आपली हत्यारं पिशवीत भरली आणि तो बाहेर पडला. "उपाशी मरन, पन चांगल्या वायरीला हात लावनार नाय," हे त्याचं तेव्हाचं वाक्य. गोष्ट खरी होती. सांगून सांगून गुळगुळीत झाली होती, तरी खरी होती.

दुसरी गोष्ट त्याच्या गाठीची. बॉनेटखालच्या गरमीनं टेपेचा चिकटा सुटतो आणि टोक उलगडतं, म्हणून सिताराम टेपेच्या टोकावर मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे देऊन गाठ मारायचा. दोऱ्याची शेपटी वेढ्यांच्या आत ओढून घ्यायचा, त्यामुळे गाठ दिसायची पण तिचं टोक कुठे दिसायचं नाही. मेणबत्तीवर दोरा ओढायचं काम त्याच्या मुलीचं, संघमित्राचं. लहानपणी अभ्यास झाला की ती घणसोली गावातल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत दाराशी बसून रिळंच्या रिळं ओढायची. आता ती वाशीच्या एका लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम करत होती, पगार बापाच्या कमाईच्या बरोबरीला आला होता, तरी रिकाम्या वेळी दोरा तीच ओढून ठेवायची.

ही संघमित्रा एका बुधवारी जेवताना म्हणाली, "पप्पा, मला एक मुलगा पसंत आहे. आकाश नाव. आपल्यातलाच आहे, जालन्याकडचा."

सितारामनं भाकरीचा तुकडा मोडला. समाज आपला, जिल्हा आपला, पोरीची पसंती. त्याच्या बायकोचा, भिमाबाईचा चेहरा तर लग्नपत्रिका छापून आल्यासारखा झाला होता.

"करतो काय?"

"तुर्भ्याला सर्व्हिस सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. गाड्यांच्या एसीचंच बघतो."

तुकडा ताटात परत गेला.

पोरगा बेकार असता तर सितारामनं त्याला धंद्याला लावला असता. दारुडा असता तर हाकलून दिला असता आणि विषय संपला असता. पण शर्टावर नाव शिवलेला, स्कॅनर लावणारा जावई रोज समोर बसून जेवणार, या कल्पनेनं त्याच्या घशाखाली घास उतरेना. एमआयडीसीतली माणसं काय म्हणतील? ज्यांच्या कामावर हा माणूस वीस वर्षं टोमणे मारत आला, ते पेढे घेऊन येतील. आणि येतीलच, सिताराम त्यांना ओळखून होता.

शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला तो खिडक्यांच्या काचा खाली करून, घामानं निथळत.

"आपल्या गाडीचा एसी बंद पडला. कॉम्प्रेसर चालूच होत नाय," तो म्हणाला. "मी अजून बॉनेट उघडलं नाय. तुज्या त्या पोराला रविवारी बोलाव. फॉल्ट काढू दे. काढला तर हो. नाय काढला तर ज्या धंद्यातलं कळत नाय त्या धंद्यात पोट भरनारा मानूस मला जावई नको."

भिमाबाई म्हणाली, "आवं, पोरगी द्यायची का गाडी?"

पण संघमित्रा हसली. बापाला कामाखेरीज माणसाचा दुसरा कुठला गुण दिसतच नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. दुसऱ्या कुठल्या मापानं त्यानं आकाशला मोजलं असतं, तरी तो पुन्हा याच मापावर आला असता. तिनं फक्त एवढंच विचारलं, "फॉल्ट खरा आहे ना पप्पा? तुम्ही खरंच बघितलं नाही?"

"मी हात लावला नाय."

"मग मला मान्य आहे. त्याला नाही सापडला तर मीच त्याला नाही म्हणेन. दुसरं कोणी असतं तर मी असलं काही ऐकलं नसतं. पण तुम्ही यात लबाडी करणार नाही."

सितारामनं मान डोलवली आणि हात धुवायला गेला. दुपारी गाळ्याचं शटर अर्धं ओढून त्यानं कॉम्प्रेसरकडे जाणारी वायर कापली होती आणि मध्ये रेझिस्टर जोडला होता, अगदी बाजीराव जोडायचा तसा. मनाची समजूत त्यानं तिथेच घातली होती. ही परीक्षा आहे, आणि परीक्षेचा प्रश्न कोणीतरी काढावाच लागतो. असेल. पण पेपर काढणारा माणूस 'मी हा पेपर पाहिलाच नाही' असं सांगत फिरत नाही, एवढं त्या समजुतीत बसत नव्हतं. ते त्यानं बसवलंही नाही.

रविवारी सकाळी आकाश आला. मे महिना, खाडीवरून वारा नाही, गल्लीत घरांच्या भिंती नुसत्या तापलेल्या. पोरगा उंच, काटकुळा, पाठीला बॅग. "जय भीम काका," म्हणून वाकला. सितारामनं "जय भीम" म्हटलं आणि नजर थेट त्याच्या शर्टावर नेली. शर्ट साधा होता, नाव शिवलेलं नव्हतं. सितारामला थोडं वाईटच वाटलं.

"पोहे खा आधी," भिमाबाई म्हणाली.

"आधी गाडी," सिताराम म्हणाला.

"या गाडीचं सगळं तुम्हीच बघता ना काका?" बॉनेट उघडताना आकाशनं विचारलं.

"एवढ्या वर्षांत दुसऱ्याचा हात लागला नाय हिला. उगीच कुनाच्या हातात द्यायला मी काय येडा हाय?"

आकाशनं बॅगेतून स्कॅनर काढला, तेव्हा सितारामनं खुर्ची ओढून घेतली आणि पायावर पाय टाकला. आता मजा होती. स्कॅनरनं काहीच दाखवलं नाही.

"काय म्हनतंय तुजं यंत्र?"

"गप्प आहे काका. जुन्या गाडीत याला सगळं नाही दिसत."

"त्याला नाय दिसत, तुमाला नाय दिसत. आंधळ्याची काठी आंधळा."

पोरगा रागावला नाही, यानं सिताराम आणखी चिडला. आकाशनं फ्यूज काढून बघितला, परत लावला. एसीला वीज सोडणारा रिले काढून त्याच्या जागी हॉर्नचा रिले बसवला. एकाच बनावटीचे दोन्ही, अदलाबदल केली की रिले खराब आहे का ते कळतं. रिले चांगला होता. मग गाडी चालू करून, एसीचं बटण दाबून तो खाली वाकला आणि कॉम्प्रेसरचा प्लग सुटा करून त्यात मीटरच्या पिना लावल्या.

"बारा व्होल्ट येतायत," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

"येतायत ना? मग?" सिताराम खुर्चीतून पुढे सरकला. पोरगं बरोबर पिंजऱ्याच्या दाराशी आलं होतं.

"म्हणजे वीज पोचते आणि तरी कॉम्प्रेसरला फिरवणारा क्लच ओढत नाही. म्हणजे क्लचची कॉइल जळाली असेल."

सितारामनं मांडीवर थाप मारली. "आलं! आलं मोठं डॉक्टर. बारा बघितले की कॉइल गेली. आता कॉइल सुटी मिळत नाय म्हनून आख्खा कॉम्प्रेसर बदल. गिऱ्हाइकाचं दिवाळं काढ. मितू, आईला म्हनावं पोहे आन, हे पोरगं खाऊन जाऊ दे."

संघमित्रा दाराच्या चौकटीत उभी होती. तिचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला सितारामनं पाहिला. आपण जिंकलो याचा आनंद त्याला झाला, हे सांगायलाच हवं. पोरीचा चेहरा बघूनही झाला.

"असेल म्हटलं काका. आहे नाही म्हटलं," आकाश म्हणाला. त्यानं मीटर कॉइलला लावलं, आकडा बघितला. "कॉइल एकदम बरोबर आहे."

मग तो ओट्यावर बसला, भिमाबाईनं दिलेलं पाणी प्यायला आणि गाडीकडे बघत राहिला. गल्लीतून दोन बाया पाण्याचे जार घेऊन गेल्या. आकाश उठला, गाडीच्या मागे गेला आणि मागच्या लाईटचा बल्ब काढून घेऊन आला. बल्बला वायरीचे दोन तुकडे जोडून त्यानं कॉम्प्रेसरच्या प्लगला लावले.

बल्ब लागला नाही.

"मीटर बारा दाखवतंय आणि बल्ब लागत नाही," आकाश हळूच म्हणाला. "म्हणजे मध्ये कुठेतरी वाट अडलीय."

सितारामच्या गाळ्यात ही गोष्ट कोणी नुसती बोलून दाखवली असती, तर त्यानं त्याला स्टूल दिलं असतं आणि वर चहा पाजला असता. आणि इथे त्याला वाटलं, की या पोराचा हात तिथेच थांबावा, फोन यावा, काहीही व्हावं. आपल्याला असं वाटतंय याची त्याला शरम वाटली, पण वाटायचं काही थांबलं नाही.

आकाशचा हात थांबला नाही. दोन बोटांच्या चिमटीत वायर धरून तो ती कॉम्प्रेसरपासून मागे चाचपत गेला. बॅटरीच्या खाली जाऊन बोटं अडली.

"इथे टेपच्या आत काहीतरी दाणा लागतोय."

टेपेच्या टोकावर दोऱ्याची गाठ होती. सितारामला ती त्या क्षणी आठवली. शुक्रवारी रेझिस्टर जोडला, टेप गुंडाळली, आणि मग हातानं सवयीनं खिशातून दोरा काढला, वेढे दिले, शेपटी आत ओढली. डोकं चोरी करत होतं आणि हात नेहमीसारखे इमानदारीनं काम करत होते. वीस वर्षांत एक टेप उघडी सोडली नव्हती, ती तेव्हा कशी सोडणार?

"कसली सुंदर गाठ मारलीय. कापायला नको वाटतं," आकाश म्हणाला. त्यानं नख घालून वेढे सैल केले, दोरा सलग सोडवला आणि मागे हात करून संघमित्राकडे दिला. "मित्रा, धर जरा. परत बांधायला लागेल."

तिनं तो घेतला. बोटांत फिरवला. मेणाचा चिकटपणा बोटांना लागला असणार, कारण तिनं अंगठा तर्जनीवर घासून पाहिला. मग तिनं मान वर केली नाही.

आकाशनं टेप उलगडली आणि तो रेझिस्टर सगळ्यांना दाखवला.

"बघा काका. मला वाटलेलं उंदरानं कुरतडली असेल, नाहीतर खारट हवेनं आतून सडली असेल. पण उंदीर काय रेझिस्टर लावत नाही. हे कोणीतरी मुद्दाम केलंय. म्हणजे मीटर लावणारा फसावा आणि चांगला पार्ट बदलावा." बोलता बोलता पोराचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आमच्याकडे पण येतात असल्या गाड्या. हात किती चांगला आहे बघा याचा, जोड बघा, टेप बघा. एवढा चांगला हात आणि माणूस हलकट. चांगली वायर कापताना हात कसा धजतो कोणाचा, मला कळतच नाही."

हे वाक्य सितारामचं होतं. शब्द जरा इकडेतिकडे, पण त्याचंच. पावण्यात वीस वर्षं तो हेच बोलत आला होता, आणि बोलताना त्याचा चेहरा आकाशसारखाच लाल व्हायचा.

अजूनही वेळ गेली नव्हती. हसून म्हणता आलं असतं, मीच लावलं होतं, तुझी परीक्षा बघत होतो, पास झालास. पोरीनं दोन दिवस अबोला धरला असता आणि मग लाडू वळले असते. पण हलकट हा शब्द नुकताच हवेत गेला होता, आणि सितारामला तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर टाकायची घाई झाली.

"बाजीराव," तो म्हणाला. "त्याचंच काम हे. त्याची खोडच हाय ती. तुला मितूनं सांगितलं असल त्याच्याबद्दल."

"पण तुम्ही म्हणालात दुसऱ्याचा हात लागला नाही."

"गाळ्यावर उभी असती गाडी. आला असल मी जेवाया गेल्यावर. पाण्यात बघतो तो मला."

"कमाल आहे," आकाश म्हणाला आणि वायरी जोडायला वाकला. त्याला पटलं होतं. पोरगा सरळ होता. वडीलधारा माणूस बोलतोय म्हटल्यावर त्यानं पुढे विचारही केला नाही.

बाजीराव ऐकल्यावर संघमित्रानं फक्त बापाकडे एकदा पाहिलं. सितारामला ती नजर ओळखीची वाटली, आणि कुठे पाहिली ते आठवायला फार शोधावं लागलं नाही. गॅस संपलाय म्हणून सांगत येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तो स्वतः असंच बघायचा.

आकाशनं वायर नीट जोडली, नवी टेप गुंडाळली आणि बटण दाबलं. कॉम्प्रेसर टक् करून चालू झाला. भिमाबाई लगबगीनं गाडीत जाऊन बसली, जाळीपुढे पदर धरला आणि म्हणाली, "गार येतंय की. बर्फावानी येतंय. आता द्या की हो म्हनून, का अजून इंजिन उघडायचं हाय पोराकडनं?"

"हो," सिताराम म्हणाला. "हो तर. जमलं तुला." तो मनापासून म्हणाला. सुटलो, असं त्याला वाटलं. इतकं सोपं होतं.

"थँक्यू काका. मित्रा, तो दोरा दे. टेपेचं टोक बांधून टाकतो, नाहीतर उलगडेल."

संघमित्रा ओट्यावरून खाली उतरली. आकाशच्या पुढे झालेल्या हाताला तिनं दोरा दिला नाही. ती बापासमोर आली आणि तो त्याच्यापुढे धरला.

"तुम्ही बांधा पप्पा."

"बांधल की तो. पोरगा हुशार हाय."

"नाही. तुम्हीच बांधा. अशी गाठ दुसऱ्या कोणाला येत नाही."

ती हळू आवाजात बोलली. गाडीत बसलेल्या भिमाबाईला ऐकूही गेलं नसेल. सितारामनं दोरा घेतला. गाठ वाकडी मारावी, साधी मारावी, बोटं थरथरतात म्हणून सांगावं, हे सगळं बॉनेटपर्यंतच्या तीन पावलांत त्याच्या मनात येऊन गेलं. मग तो वाकला आणि त्याच्या हातांनी त्याला न विचारता वेढे दिले, शेपटी आत घेतली, ओढली. टोक कुठे दिसेनासं झालं.

आकाश शेजारी उभा राहून बघत होता. काम शिकणारा माणूस बघतो तसा आधी, मान पुढे काढून. मग त्याची मान हळूहळू मागे गेली. त्यानं गाठीकडे पाहिलं, सितारामच्या बोटांकडे पाहिलं आणि आपलं मीटर, आपला स्कॅनर बॅगेत भरायला लागला. बॅगेची चेन लावताना तो मघाचं काहीतरी परत घ्यावं की नाही या विचारात असल्यासारखा थबकला. घेतलं नाही.

"पोहे तरी खाऊन जा," सिताराम म्हणाला. इतक्या हळू आवाजात त्यानं आजवर कोणाला बसायला सांगितलं नव्हतं.

"नको. निघतो," आकाश म्हणाला. काका म्हणाला नाही.

संघमित्रानं दारामागून चपला घेतल्या आणि त्याच्याबरोबर निघाली. गल्लीच्या तोंडाशी जाऊन ती एकटीच परत आली, तेव्हा सितारामला वाटलं, भांडायला आली. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती त्याच्यापुढून गाडीकडे गेली, आत बसलेल्या आईच्या हातात आपल्याजवळची खोलीची किल्ली दिली आणि जाता जाता बापाला म्हणाली, "लग्नाची तारीख आम्ही ठरवतोय पप्पा. ठरली की तुम्हाला कळवते."